काय सोडायचं ते सांगा

आमच्या घरात डॉक्टरांना विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘काय झालंय?’ हा नसतो. ‘काय सोडायचं?’ हा असतो. गोळ्यांवर विश्वास बेताचा, पथ्यावर मात्र अढळ. ताप आला की भात बंद, खोकला झाला की दही बंद, पोट बिघडलं की सगळंच बंद. मला लहानपणापासून इसब, त्यामुळे ही यादी सगळ्यात लांब माझ्या वाट्याला आली. वांगं गेलं ते कायमचंच. मग आंबट गेलं, मग दाणे गेले, मग एका ओळखीच्या काकूंच्या सांगण्यावरून दूध आणि फळ एका दिवशी खाणं गेलं. कांदेनवमीनंतर चातुर्मासात घरादारानं कांदा-वांगं सोडलं की मला बरं वाटायचं, तेवढे चार महिने मी एकटी नसायची.

आता बाबा पथ्यावर आहेत. ऐंशी ओलांडलेली, तब्येत खुटखुटीत, आणि गेल्या पावसाळ्यात त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. मोबाइलवर आलेल्या एका व्हिडिओत कुणी गृहस्थ छातीठोकपणे म्हणत होते की कमी खाणारा माणूस उशिरा म्हातारा होतो, तेवढं पुरलं. सकाळच्या दोन पोळ्यांची एक झाली, दूध गेलं, रात्री नुसतं ताक. दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवण उरकायचं, हा डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रात घरोघरी नेला, तो वजन आणि मधुमेहासाठी. म्हातारपण लांबवण्याचं कलम बाबांनी त्यात पदरचं घातलं. आई गेल्यापासून त्यांना ओरडणारं कुणी नाही. मी ओरडते, पण लेकीचं ओरडणं ते नुसतं ऐकून घेतात. ‘शास्त्रानं सिद्ध झालंय’ हे त्यांचं उत्तर.

शास्त्रानं नेमकं काय सिद्ध झालंय ते बघायला मी बसले. वाचता वाचता त्यात माझा इसबही येऊन मिळाला. ते पुढे येईलच. आधी उंदीर.

१९३५ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके या आहारशास्त्रज्ञानं उंदरांना कमी उष्मांकाचं, पण जीवनसत्त्वं आणि क्षार पुरेपूर असलेलं अन्न दिलं. उंदीर खुरटले, पण भरपेट खाणाऱ्यांपेक्षा बरेच जास्त जगले. या प्रयोगातली खरी मेख ‘पुरेपूर’ या अटीत आहे. उष्मांक कमी करायचे, पोषण नाही. आपल्या उपासाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी हे आपण स्वतःच म्हणून ठेवलंय. वाटीभर साबुदाणा खिचडीत उष्मांक सोडून दुसरं काय असतं ते दाण्याच्या कुटालाच ठाऊक.

मॅकेनंतर यीस्ट झालं, जंत झाले, माश्या झाल्या. सगळीकडे उत्तर थोड्याफार फरकानं तेच. मग आली माकडं, आणि तिथं गंमत झाली. अमेरिकेत ऱ्हीसस माकडांवर दोन ठिकाणी स्वतंत्र प्रयोग चालले होते, एक विस्कॉन्सिन विद्यापीठात, दुसरा सरकारी वार्धक्य-संशोधन संस्थेत. माकड पंचवीस-तीस वर्षं सहज जगतं, म्हणजे एका प्रयोगात संशोधकाची नोकरी संपते. २००९ साली विस्कॉन्सिनवाले म्हणाले, कमी खाणारी माकडं म्हातारपणाच्या आजारांनी कमी मेली. २०१२ साली दुसरे म्हणाले, आमची काही जास्त जगली नाहीत. मग २०१७ मध्ये दोघांनी एकत्र बसून आकडे ताडून पाहिले. विस्कॉन्सिनच्या माकडांच्या खाण्यात साखर चौथ्या हिश्शाहून जास्त होती, सरकारी संस्थेच्या माकडांच्या खाण्यात शेकडा चारच्या आसपास. शिवाय सरकारी संस्थेत ‘नेहमीसारखी खाणारी’ म्हणून ठेवलेली माकडंही मोजूनमापूनच खात होती. म्हणजे एका ठिकाणी हावरटपणाशी तुलना होती, दुसऱ्या ठिकाणी बेतशीर खाण्याशी. मुळात बेतानं खाणाऱ्यानं आणखी कमी केलं तर पदरात फारसं पडत नाही, असा अर्थ मी त्यातून काढला. बाबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘आपण माकडं नाही.’

बरं, माणसं. अमेरिकेतच तीन केंद्रांत दोनशेहून थोड्या जास्त निरोगी, लठ्ठ नसलेल्या माणसांवर ‘कॅलरी’ नावाची चाचणी झाली. दोन वर्षं उष्मांक शेकडा २५ नं कमी करायचे, असं ठरलं होतं. आहारतज्ज्ञ हाताशी, समुपदेशन चालू, तरी सरासरी बाराच्या आसपास जमलं. हा आकडा मला फार आवडतो. एवढी सगळी सरबराई असताना माणूस ठरवलेल्याच्या निम्मंच खाणं सोडू शकतो, आणि आपण पोरांना म्हणतो, मनावर घेतलं की सगळं होतं. तरीही त्या बारा टक्क्यांनी रक्तदाब उतरला, कोलेस्टेरॉल उतरलं. २०२३ साली त्यांच्या साठवलेल्या रक्तातल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा तपासून वय किती वेगानं वाढतंय याचा अंदाज काढला गेला. एका मापानं वेग शेकडा दोन ते तीन कमी झाला होता. दुसऱ्या दोन मापांनी काहीच फरक दाखवला नाही. आणि एक गोष्ट व्हिडिओतल्या गृहस्थांनी गाळली होती: कमी खाणाऱ्यांच्या खुब्याच्या आणि मणक्याच्या हाडांची घनता घटली होती. ही माणसं तरुण आणि मध्यमवयीन होती, त्यांना परवडलं. ऐंशीच्या माणसानं मोरीत पाय घसरून खुबा मोडला तर वय वाढण्याचा दोन टक्के कमी झालेला वेग घेऊन काय करायचंय?

आपल्याकडचा एक वेगळाच गुंता आहे, आणि तो पुण्यातच उलगडला. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघंही सडपातळ, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिनच्या अंगात चरबी शेकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. दिसायला बारीक, आतून तुपट, असं हे भारतीय शरीर. स्नायू मुळातच कमी. अशा माणसानं म्हातारपणी खाणं तोडलं की आधी काय जातं? मांडी जाते, दंड जातो. बाबांच्या पँटच्या पट्ट्याला शेवटच्या भोकाच्याही पुढे दाभणानं पाडलेलं एक नवं भोक मला दिसलं, तेव्हा पोट तसंच होतं. सैल झाली होती ती पँटची मागची बाजू.

आता माझं.

इसब ज्यांना नाही त्यांना खाज म्हणजे खाजवलं की संपणारी गोष्ट वाटते. इसबाची खाज खाजवल्यानं पेटते. कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यामागे आधी कातडी तांबूस होते, मग जाड, मग तिच्यावर बारीक रेघा उमटतात, तळहातावर असतात तशा. थंडीत भेगा पडतात, पावसाळ्यात लस येते. सकाळी चादर झटकली की कोंडा उडतो. रात्री झोपेत हात आपोआप जातो. आई माझ्या हातात जुने पायमोजे चढवायची आणि सकाळी ते उशाशी पडलेले असायचे. घरचं निदान असं होतं की हे पोटातलं आहे. रक्त तापलंय. आणि आजीचा सक्त इशारा: मलम लावून दाबू नका, दाबलेला इसब आत जातो आणि दमा होऊन बाहेर येतो.

आजी अनुभवातून बोलत होती, हे मान्य करायला हवं. लहानपणी इसब, मग सर्दी-शिंका, मग दमा, असा क्रम अनेक मुलांत खरोखरच दिसतो. डॉक्टरांनाही तो माहीत आहे. पण त्यात दाबण्याचा संबंध नाही. मुळातली प्रकृती एकच, ती वेगवेगळ्या वयात वेगवेगळ्या ठिकाणी डोकं वर काढते. मलम लावा नाहीतर लावू नका. उलट, सुरुवात पोटात नसून कातडीत असावी, याचा भक्कम पुरावा २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडीत मिळाला. कातडीच्या सगळ्यात वरच्या थराला घट्ट आणि ओलसर ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन आहे. त्याचं जनुक बिघडलेल्या लोकांना इसब होण्याचा संभव कितीतरी जास्त, असं आयर्विन मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. कातडी गळकी असली की पाणी बाहेर जातं आणि बाहेरचं काहीबाही आत येतं. शरीराची संरक्षण-यंत्रणा खवळते ती त्यानंतर.

या एका शोधानं माझ्या पथ्याच्या यादीचा पायाच काढून घेतला. त्याहून मोठा धक्का २०१५ साली लंडनहून आला. गिडियन लॅक या ॲलर्जीतज्ज्ञांना एक कोडं पडलं होतं: ब्रिटनमधल्या ज्यू मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या मुलांच्या दसपट. इस्रायलमध्ये पोरं दात यायच्या आधीपासून दाण्याचा खाऊ चघळतात. ब्रिटनमध्ये आया काळजीनं दाणे लांब ठेवायच्या. मग लॅक यांच्या गटानं तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० तान्ही मुलं घेतली. निम्म्यांना दाणे नियमित खायला घातले, निम्म्यांना पूर्ण वर्ज्य. पाच वर्षांची झाल्यावर तपासलं. वर्ज्य करणाऱ्यांत शेकडा १७.२ मुलांना दाण्याची ॲलर्जी, खाणाऱ्यांत ३.२. ज्याला जपलं त्यालाच ते बाधलं. पोटातून आलेली वस्तू शरीर ओळखीची मानतं, आणि फाटक्या कातडीतून शिरलेली वस्तू शत्रू मानतं, असा त्याचा ढोबळ अर्थ लावला जातो. चटणी, कूट, चिक्की, भाजीचा रस्सा, जिथं बघावं तिथं दाणे असलेल्या घरात मला ते वर्ज्य होते आणि माझं काही बिघडलं नाही, ते नशीब.

याचा अर्थ खाण्याचा इसबाशी कधीच संबंध नसतो असा नाही. काही लहान मुलांना अंडं किंवा दूध खरोखर बाधतं, आणि ते तपासणीनं ठरवता येतं. पण ‘सगळ्या इसबवाल्यांनी अमुक सोडा’ या सल्ल्यानं फायदा झाल्याचा पुरावा तोकडा आहे. प्रिमरोझच्या तेलाच्या कॅप्सूल आठवतात? एके काळी त्वचारोगाच्या प्रत्येक चिठ्ठीवर असायच्या. सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर त्या बिनऔषधी कॅप्सूलपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

मग उपयोग कशाचा होतो? मलमाचा. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये सल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड कातडीवर लावून पाहिलं, तेव्हापासून स्टेरॉइड मलम हा इसबाचा मुख्य आधार आहे. आपल्याकडे त्याचे दोन टोकांचे भोग. एकीकडे माझी आजी, जी लावूच देत नाही. दुसरीकडे औषधाच्या दुकानातला मुलगा, जो खाज म्हटलं की नायटा, गजकर्ण, इसब असा काही भेद न करता स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र कालवलेली ट्यूब काढून देतो. तिनं नायटा दोन दिवस दबतो आणि नंतर अंगभर पसरतो. गोरं व्हायला म्हणून तीच ट्यूब चेहऱ्यावर चोळणाऱ्या मुलींचे हाल भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी इतके पाहिले की त्या बिघडलेल्या चेहऱ्याला वैद्यकात स्वतंत्र नाव द्यावं लागलं. किती लावायचं हे कुणी सांगत नाही, हा खरा घोळ. ते इतकं सोपं आहे: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ काढायची, ती दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. मला हे कळलं तेव्हा चाळिशी आली होती, आणि सांगितलं ते एका तरुण डॉक्टरबाईंनी, माझंच बोट धरून.

त्याच बाईंनी मानेवरच्या इसबासाठी टॅक्रोलिमस नावाचं दुसरं मलम लिहून दिलं. पहिले काही दिवस चरचरतं, मग निवतं. आणि इथं बाबांचं ताक आणि माझी मान एकमेकांना भेटली.

टॅक्रोलिमस सापडलं १९८४ साली, जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या एका सूक्ष्म जिवाणूत. नावातला ‘ट’ त्या जागेचाच. आधी ते अवयव-प्रत्यारोपणासाठी वापरलं गेलं, मग मलम झालं. त्याचं एक चुलत भावंड आहे, तेही मातीतलंच. १९६४ साली कॅनडाचं एक पथक पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटावर गेलं होतं, त्यांनी तिथली माती आणली. माँट्रिअलच्या औषध-प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल नावाच्या पंजाबी शास्त्रज्ञानं १९७२ च्या सुमारास तिच्यातून एक रसायन वेगळं केलं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून रसायन रॅपामायसिन. बुरशी मारायचं औषध म्हणून शोध चालला होता. पुढं कंपनीनं ती प्रयोगशाळा बंद केली, काम गुंडाळायला सांगितलं. तेव्हा सेहगल यांनी ते जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून नव्या गावी नेले, असं त्यांच्या घरचे सांगतात. आइस्क्रीमच्या शेजारी. त्यांच्या घरात ‘हे टाकून द्या’ म्हणणारं कुणी नव्हतं का, असा प्रश्न मला पडतो.

ही दोन्ही रसायनं पेशीत शिरल्यावर एकाच प्रथिनाला धरतात. एकाच दलालाला हाताशी धरून दोघांनी दोन वेगळ्या कचेऱ्यांतली कामं अडवावीत, तसं. टॅक्रोलिमस अडवतं ती संरक्षक पेशींना खवळवणारी साखळी, म्हणून माझी मान निवते. रॅपामायसिन अडवतं ते टॉर नावाचं प्रथिन, आणि अन्न मुबलक आहे, वाढा, असा निरोप पेशीला देण्यात टॉरचा मोठा वाटा. खाणं कमी केलं की टॉर आपोआप मंदावतं. मॅकेचे उंदीर का जगले याचं पूर्ण नाही, पण बरंचसं उत्तर इथं आहे. २००९ साली अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीला आलेल्या उंदरांना रॅपामायसिन खाऊ घातलं, खाणं न तोडता, आणि ते जास्त जगले. माणसात? अजून कुणी छातीठोकपणे बोलू नये. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे ते.

तरी एक छोटा प्रयोग मला सोडवत नाही, कारण तो कातडीवरचा आहे. माणूस म्हातारा झाला की कातडी कोरडी पडते, खाज सुटते, आणि तिच्यातून दाह चेतवणारे रेणू रक्तात झिरपतात. वयाबरोबर अंगभर धुमसणाऱ्या या दाहाकडे संशोधक आता हृदयविकारापासून विस्मरणापर्यंत अनेक गोष्टींचा धागा म्हणून बघतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या काही संशोधकांनी ३३ वयस्कर माणसांना महिनाभर दिवसातून दोनदा अंगभर साधं स्निग्ध मलम लावायला दिलं. कातडी सुधारलीच, पण रक्तातले ते रेणूही उतरले, तरुणांच्या जवळ आले. ३३ माणसं म्हणजे काहीच नाही, एका बसमध्ये बसतील. आणि तान्ह्या बाळांना असंच मलम वर्षभर लावून इसब टाळता येतो का हे ब्रिटनमध्ये तब्बल १३९४ बाळांवर पाहिलं, तेव्हा उत्तर ‘नाही’ आलं होतं. त्यामुळे मी हुरळून गेलेली नाही. पण हा प्रयोग फसला तरी बाबांची नडगी मऊ होईल, आणि त्यांची नडगी या हिवाळ्यात आटलेल्या तळ्यासारखी नव्हे, तर सरळ सांगायचं तर माझ्या कोपरासारखी दिसत होती. म्हणून खोबरेल तेलाची बाटली त्यांच्या पलंगाशी ठेवली.

जेवणाचं मात्र मला जमलं नाही. शेवटी त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी २०२४ च्या उंदरांबद्दल तयारी करून गेले होते: ९६० उंदरांचा प्रयोग, कमी खाणारे सरासरीनं जास्त जगले हे खरं, पण त्यांच्यातही ज्यांचं वजन सगळ्यात जास्त उतरलं ते लवकर गेले आणि ज्यांनी वजन राखलं ते टिकले, शिवाय खाण्यापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा. हे सगळं सांगायची वेळच आली नाही. डॉक्टर म्हणाले, काका, हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठून दाखवा. बाबा तीनदा तडफेनं उठले. चौथ्यांदा हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर गेला, आणि तो तिथं आहे हे त्यांना आमच्याआधी कळलं.

डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी खिशातल्या डायरीत स्वतः लिहून घेतलं. रात्री भाकरी आणि घट्ट वरण. दूध परत चालू. आंघोळीनंतर तेल. रोज एक उकडलेलं अंडं. जन्मभर अंड्याला हात न लावलेल्या माणसानं त्या शेवटच्या ओळीपुढे कंसात लिहिलंय: औषध म्हणून.